वेळूची काठी आणि सरकती काठी



शाळेंतली छडी खालीं ठेवून मी निवृत्त झालों, तेव्हां पुन्हां हातीं काठी येईल असें वाटलें नव्हतें. परंतु साठी उलटली, गुडघे कुरकुरूं लागले, आणि गतवर्षीं माहूरगडीं निघतांना नातवानें लांबी कमीअधिक करतां येणारी ॲल्युमिनियमची काठी माझ्या हातांत दिली. तिचे गुणदोष सांगण्यापूर्वीं तिची वंशावळ पाहूं.

बालाघाटाच्या माळावर मेंढ्यांमागें हिंडणारे धनगर मीं लहानपणापासून पाहत आलों आहें. त्यांची वेळूची काठी चांगली खांद्याएवढी असते. चढणीवर ते ती मध्यावर धरतात, उतारावर माथ्याशीं. म्हणजे काठीची लांबी कायम, हात मात्र वरखालीं सरकतो.

युरोपांतही प्रारंभ लांकडापासूनच झाला. 8 ऑगस्ट 1786 रोजीं बाल्मा व पाकार या दोघांनीं माँ ब्लाँ हें आल्प्स पर्वताचें सर्वोच्च शिखर प्रथम सर केलें, त्या काळीं तिकडील डोंगरी लोक लोखंडी टोंकाची लांब काठी बाळगीत. पुढें 1974 सालीं जर्मनींतील एका कारखान्यानें लांबी बदलणारी धातूची काठी बाजारांत आणली. एका नळींत दुसरी नळी सरकवायची आणि पेंच फिरवून वा खटका दाबून ती जखडायची, एवढीच ही युक्ति. धनगराचा हात सरकतो. येथें हात स्थिर राहतो आणि काठी सरकते.

या युक्तीचे लाभ खरे आहेत. सपाटीवर कोपर काटकोनांत राहील इतकी लांबी ठेवावी. चढावर ती पांच ते दहा सेंटिमीटर कमी करावी, उतारावर तितकीच वाढवावी. 1999 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, तीव्र उतारावर दोन काठ्या घेऊन चालणाऱ्यांच्या गुडघ्यांवरील भार 12 ते 25 टक्के कमी भरला. शिवाय प्रवासांत ती आंखूड करून पिशवींत ठेवतां येते; वेळूची काठी एस. टी.च्या गाडींत शेजाऱ्याच्या डोळ्यांत जाते!

आतां दोष. जेथें जोड, तेथेंच दुबळेपणा. माहूरास रेणुकेचें दर्शन घेऊन मी अनसूयेच्या शिखरावर गेलों. उतरतांना पायरीवर सारा भार काठीवर टाकला, आणि ती दुर्बिणीसारखी आंत गेली. खटका घट्ट बसला आहे कीं नाहीं, हें मीं पाहिलेंच नव्हतें. गुडघा दगडावर आपटला. मागून येणाऱ्या एका आजीबाईंनीं आपली वेळूची काठी पुढें केली, आणि तिच्या आधारानें मी उठलों. जन्मभर मुलांना ‘उत्तर ताडून पाहा’ म्हणून बजावणाऱ्या मास्तराला ही शिक्षा योग्यच होती.

तरीही नवी काठी मीं टाकली नाहीं. प्रत्येक उतारापूर्वीं ती जमिनीवर दाबून पाहतों, आणि घरीं परतल्यावर नळ्या सुट्या करून धूळ पुसतों. वेळूच्या काठीला एवढी निगा लागत नाहीं. पण तिनें बसमध्यें मावावें हीही अपेक्षा नसते. ज्याला गुडघे सांभाळून दूरचे गड पाहावयाचे आहेत, त्यानें सरकती काठी अवश्य घ्यावी. मात्र तिचा जोड तपासल्यावांचून तिच्यावर देह टाकूं नये.