१५ जानेवारी : विठाबाईंचा स्मृतिदिन

पंढरपुरात १९३५ साली तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर जन्मल्या. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या.

दिवस भरलेले असताना त्या नाचल्या. मध्येच कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. ऐकणारा टाळी वाजवतो. बाईवर ती वेळ का आली, हे मात्र कुणी विचारत नाही. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी उतारवयात हलाखी चुकली नाही. २००६पासून राज्य सरकार त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार देतं.

लेक मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा केला. नातू नितीनही त्याच फडात नाचू लागला.