तळटीप : ‘लेटर्स फ्रॉम इवो जिमा’

क्लिंट ईस्टवूड दिग्दर्शित चित्रपट, २००६. दिग्दर्शक अमेरिकी, पण संवाद जवळजवळ सगळे जपानी. त्याच वर्षी ‘फ्लॅग्ज ऑफ अवर फादर्स’मध्ये ईस्टवूडने इवो जिमा बेटावरची हीच लढाई अमेरिकी सैनिकांच्या बाजूने सांगितली होती.

लेखकाने वर ‘गुहेत सापडलेल्या पत्रांवर बेतलेला’ असे म्हटले आहे, ते नेमके नाही. पत्रे उकरून काढण्याचा प्रसंग पटकथेतला, म्हणजे काल्पनिक. बेटाचे सेनापती जनरल तादामिची कुरिबायाशी यांची खरी पत्रे मात्र युद्ध चालू असतानाच टपालाने घरी पोहोचली होती. मरण समोर दिसत असताना हा माणूस बायकोला लिहितो, की स्वयंपाकघरात फटीतून थंड वारा येतो, तो बंद करायचा राहून गेला. माझ्या मते चित्रपटाचा जीव या एका फटीत आहे. कुरिबायाशी १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत राहिले होते. मुलासाठी तिथून ते चित्रे काढून पत्रे पाठवत. ज्या देशाशी पुढे लढावे लागले, तो त्यांनी जवळून पाहिलेला होता.

लढाई १९ फेब्रुवारी ते २६ मार्च १९४५. सुमारे २१ हजार जपानी सैनिकांपैकी लढाई संपेपर्यंत जिवंत हाती लागले अवघे २१६. चित्रपटातला सायगो हा पाव भाजणारा तरुण शिपाई काल्पनिक आहे. घोडेस्वारीत १९३२चे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारे बॅरन निशी खरे. ‘इवो’ म्हणजे गंधक. २००७पासून जपानमध्ये बेटाचे अधिकृत नाव पुन्हा ‘इवो तो’ झाले आहे. या पुस्तकात ‘इवो जिमा’ हेच रूप ठेवले आहे. — संपा.