बाळाला ऐकू येतं का? मेंदूला विचारण्याची गोष्ट



बाळाला ऐकू येतं का, हे पाहायला आपण काय करतो? पाळण्यामागे ताट वाजवतो. बाळ वळलं की हायसं वाटतं. पण ताटाचा हादरा पाळण्याला बसतो, हाताची सावली डोळ्यांवरून जाते, आणि ऐकू न येणारं बाळही वळतं. उलट आईला शंका आली, तर ‘याचा बापसुद्धा उशिराच बोलला’ म्हणून तिला गप्प बसवतात. बाळ स्वतः काही सांगू शकत नाही. मग त्याच्या मेंदूलाच विचारायचं कसं?

१९२४ साली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेची नोंद घेतली. १९३९ मध्ये अमेरिकेत पॉलिन डेव्हिस या संशोधिकेने दाखवलं की, कानावर आवाज पडला की जाग्या माणसाच्या या नोंदीत बदल होतो. पण तो इतका बारीक, की मेंदूतल्या इतर खळबळीत हरवून जाई.

यावर उपाय सापडला सरासरीत. टिक्‌टिक् असा आवाज हजार-दोन हजार वेळा ऐकवायचा. मेंदूचं उत्तर दर वेळी ठरलेल्या क्षणी येतं, बाकीची खळबळ कशीही येते. सगळ्या नोंदींची सरासरी काढली की खळबळ पुसली जाते, उत्तर उरतं. संगणक आल्यावर हे सोपं झालं. १९७१ मध्ये ज्युएट आणि विलिस्टन यांनी आवाजानंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात उमटणाऱ्या लाटांचं वर्णन केलं. १९७४ मध्ये हेकॉक्स आणि गॅलम्बोस यांनी त्या तान्ह्या बाळांत मोजल्या. हीच आपल्याकडची ‘बेरा’ तपासणी. सुई नाही, दुखणं नाही. बाळ झोपलेलं असलं तर उत्तमच.

डेन्व्हर शहरात मॅरियन डाउन्स या बाई १९६०च्या दशकापासूनच म्हणत होत्या, जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान तपासा. तेव्हा बाळ दचकतं का, एवढंच पाहता येई. त्यांचा आग्रह खरा होता, साधन अपुरं होतं. पुढे १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केंप यांना आढळलं की निरोगी आतला कान स्वतःच मंद आवाज बाहेर टाकतो. त्यावरून ‘ओएई’ ही काही मिनिटांची तपासणी निघाली. आणि १९९८ मध्ये कोलोरॅडोत क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी दाखवून दिलं, की सहा महिन्यांच्या आत बहिरेपण कळून मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्यांपेक्षा चांगली वाढते.

म्हणून आता हिशेब असा: एका महिन्यात चाळणी तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवू या. ‘ओएई’ फक्त आतला कान तपासते. तिथून मेंदूकडे जाणारी वाट तपासते ती ‘बेरा’. पहिली तपासणी ठीक आली आणि तरीही बाळ हाकेला वळत नसेल, तर दुसरी मागून घ्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून याच कामात आहे. घरचे काहीही म्हणोत, आईची शंका तपासून घ्यायला आज साधन आहे.