गाठीवरचा पत्रा, चौकटीतली जाळी

कापसाची गाठ दाबून, बांधून झाली की तिच्यावर खूण उमटवायची. अक्षरे कापलेला पत्रा बारदानावर धरायचा आणि वरून काळ्या शाईचा कुंचला मारायचा. 1925च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने तर प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि कारखान्याची खूण सक्तीचीच केली. अकोला-अमरावतीच्या स्क्रीन प्रिंटिंगचे कूळ मी या पत्र्याशी जोडतो.

पत्र्याची अडचण एकच, पण मोठी. ‘अमरावती’ कापायला घ्या. ‘व’चे पोट सुटून खाली पडते, ‘म’चेही. ते धरून ठेवायला बारीक पट्ट्या सोडाव्या लागतात, म्हणून पत्र्यावरचे अक्षर तुटक उमटते. जपानी कारागिरांनी कातागामी या कागदी छाप्यांतले असे सुटे तुकडे रेशमी धाग्यांनी जागेवर धरले. पुढे चौकटीवर सबंध रेशमी कापडच ताणले गेले. पिठाच्या गिरण्यांत चाळायला वापरत ते. 1907 साली मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी रेशमी जाळीच्या छपाईचे पेटंट घेतले. आता शाई धाग्यांमधून उतरते आणि ‘व’ अखंड राहतो. बायक्रोमेट घातलेल्या सरसाचा लेप, म्हणजे इमल्शन, उजेडात कडक होऊन जाळी बुजवतो; हे वापरात आल्यावर कापाकापीही संपली.

न्यूयॉर्कच्या चित्रकारांनी 1930च्या दशकात हे तंत्र कलेत नेले. आपल्याकडे ते लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पिशव्यांत रुजले. एक खोली, फ्रेम, शाई ओढायची स्क्वीजी आणि इमल्शन उजेडात धरायला, म्हणजे एक्सपोज करायला, ऊन, एवढ्यावर धंदा उभा राहतो. डिजिटल छपाईने त्यातले बरेच काम नेले, पण हाताशी आलेली मोकळीक नेली नाही.

प्रयोग त्या मोकळिकेतच आहेत. जाळीवर थेट रंगवून एकच प्रत काढता येते. शाईऐवजी सरस ओढून, तो ओला असताना वर बारीक चाळलेली काळी माती भुरभुरवता येते. गाठीचा पत्राच इमल्शनवर ठेवून एक्सपोज करावा: उजेड कापलेल्या अक्षरांतून जातो, तेवढेच इमल्शन कडक होते, आणि छापताना अक्षर कोरे राहून भोवती शाई उतरते. असे काम मला परक्या शैलीच्या नकलेहून कितीतरी मोलाचे वाटते.

बंद पडलेल्या जिनिंगमध्ये असे पत्रे कुणाला दिसले, तर भंगारात जाण्याआधी त्यांचा एकेक ठसा कागदावर काढून ठेवा.