करणारा आणि करवणारा : मुंबईच्या जॅझमधला ‘स्वतंत्र’ कोण?



तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक जॅझवर काय बोलणार, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. शंका रास्त आहे. मी वाजवणारा नाही, नुसता ऐकणारा. पण मला या विषयाकडे ओढलं ते एका शब्दाने. अलीकडे वारंवार वाचायला मिळतं, की अमुक तरुणाचा किंवा तरुणीचा ‘इंडिपेंडंट अल्बम’ आला आहे आणि त्यात जॅझ, सोल, फंक आणि पॉप यांचं मिश्रण आहे. मिश्रणाचं मला कौतुक आहेच, पण मी अडखळतो तो पहिल्या शब्दाशी. इंडिपेंडंट म्हणजे स्वतंत्र. कोणापासून स्वतंत्र?

पाणिनीने कर्त्याची व्याख्या केली आहे ती या एका शब्दात. क्रियेत जो स्वतंत्र, तो कर्ता. भर्तृहरी ते पुढे उलगडून सांगतो : बाकीची साधनं ज्याच्या तंत्राने चालतात, आणि चालू झालेली साधनं ज्याला थांबवता येतात, तो कर्ता. कुऱ्हाड लाकूड तोडते, पण तोडायचं केव्हा आणि थांबायचं केव्हा हे कुऱ्हाड ठरवत नाही. मात्र पाणिनी इथे थांबत नाही. लगेच पुढच्या सूत्रात तो आणखी एक इसम आणतो : कर्त्याला कामाला लावणारा, म्हणजे प्रयोजक. आपण शाळेत प्रयोजक क्रियापदं शिकलो ती ही. करणे आणि करवणे, वाजवणे आणि वाजवून घेणे. वाजवून घेणाऱ्यालाही पाणिनी कर्ताच म्हणतो. आता हे ‘प्रयोजक’ जरा सैल उच्चारलं, की ‘प्रायोजक’ होतं! (हशा) हसा, पण मुंबईच्या संगीताचा सगळा व्यवहार या दोन सूत्रांच्या मधल्या जागेत झालेला आहे, असं माझं म्हणणं आहे.

आणि आपण बसलो आहोत जुहूत. जुहू ही मुख्यतः करवणाऱ्यांची वस्ती. निर्माते, नट, दिग्दर्शक इथे राहिले. वाजवणारे गोवेकर राहिले धोबीतलावच्या, माझगावच्या कुडांत. कूड म्हणजे गावागावाच्या नावाने चालणारे त्यांचे क्लब. तिथे खाट नाही तर नुसती ट्रंक ठेवायला जागा मिळायची. जरा बरं चाललं की माहीम, वांद्रे. मुंबईच्या जॅझचा इतिहास सांगायचा तर या प्रवासापासून सुरुवात करावी लागते.

१९३५ साली लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. तो इतका रमला, की पुढे १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला तोवर त्याची बरीच वर्षं आशियातच गेली. या लोकांच्या शेजारी बसून वाजवू शकणारे या शहरात कोण होते? गोव्याचे ख्रिस्ती वादक. पोर्तुगीज राज्यात चर्चला जोडून ज्या शाळा होत्या, त्यांत मुलांना लहानपणापासून स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती शिकवणी होती प्रार्थनेसाठी. उपयोगी पडली नाचगाण्यासाठी. इतिहासाला असले विनोद आवडतात.

हळदोण्याचा अँटोनिओ झेवियर वाझ हा त्यांच्यातला. ट्रम्पेट वाजवायचा, नाव पडलं चिक चॉकलेट, आणि लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि क्लब-हॉटेलांतली रात्रीची कामं आटली. ही माणसं दिवसाच्या कामाकडे, म्हणजे चित्रपटांच्या स्टुडिओकडे वळली. तिथे त्यांना भेटले आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. ‘अलबेला’ १९५१ चा. त्यातल्या गाण्यांमागे चिक चॉकलेटचा हात होता, आणि त्याचा बँड चक्क पडद्यावरही दिसतो. आमच्या पिढीच्या घराघरांत ही गाणी वाजली. आपण जॅझच्या नातेवाइकाच्या तालावर पाय हलवतो आहोत, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

आता कामाची पद्धत बघा, कारण मुद्दा तिथे आहे. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा. अरेंजर ती कागदावर उतरवायचा. तिच्याभोवती काय वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये काय येईल, कोणतं वाद्य कुठे शिरेल, हे लिहायचा. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. मग पन्नास-साठ वादक शिफ्टवर येऊन वाजवायचे, पैसे घ्यायचे आणि पुढचा स्टुडिओ गाठायचे. रेकॉर्डच्या वेष्टनावर नावं कोणाची? चित्रपटाचं, संगीतकाराचं, गीतकाराचं, गायकाचं. सॅक्सोफोनवाल्याचं नाव नाही. तुमच्या मनात रुतून बसलेला तो आठ मात्रांचा तुकडा कोणी वाजवला, बहुतेकदा कोणी रचला, याची नोंद नाही. त्या माणसाचं व्याकरणातलं स्थान काय? कर्ता की करण? की नुसती कुऱ्हाड?

यातून बाहेर पडण्याचे प्रयत्न झाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक, अरेंजर, आणि प्यारेलालजींचे गुरू. त्यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात स्वतःच्या रचना, स्वतःच्या वाद्यवृंदाकडून सादर केल्या. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणून. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. वाजवून घेणाऱ्याशिवाय वाजवण्याचा हा प्रयोग होता. तो टिकला नाही. टिकणार कसा? शंभर माणसांच्या पोटापाण्याचा प्रश्न होता, आणि तिकिटावर तो सुटत नाही. गोन्साल्विस पुढे अमेरिकेला गेले, परत आले ते माजोर्ड्याला, आणि शांतपणे राहिले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ आला. प्यारेलालजींनी गुरूचं ऋण म्हणून त्यांचं नाव त्या पात्राला दिलं. म्हणजे या माणसाचं नाव देशातल्या पोरासोरांना पाठ झालं. तो माणूस कोण होता हे कोणाला माहीत नाही. नाव आणि नामी यांच्या संबंधावर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलत असू, पण इतकं विदारक उदाहरण माझ्या हाती तेव्हा नव्हतं.

आता ज्या मिश्रणाबद्दल बोलतोय, त्याकडे येऊ. सोल म्हणजे चर्चमधल्या गाण्याचा आवेश प्रेमाच्या, ऐहिक दुःखाच्या कामी लावणं. फंक म्हणजे जेम्स ब्राऊनने साठच्या दशकात केलेली क्रांती : आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकदम पडायचं. तबलजीला हे सांगावं लागत नाही. त्याला सम ठाऊक आहे. पॉपविषयी काही सांगायची गरज नाही, ते सगळीकडे आहे.

हे चारही रंग एका तबकडीवर पहिल्यांदा आणणाऱ्यांत मुंबईची एक मुलगी आहे. आशा पुथली, जन्म १९४५. शास्त्रीय गाण्याचं शिक्षण झालेलं, आणि कान लागलेला रेडिओवरच्या जॅझकडे. वेद मेहतांनी १९७० च्या आपल्या भारतावरच्या पुस्तकात मुंबईच्या जॅझबद्दल लिहिताना तिची ओळख करून दिली आहे. ती न्यूयॉर्कला गेली. बिली हॉलिडेला पुढे आणणारा जॉन हॅमंड, त्याने तिला ऑर्नेट कोलमनकडे पाठवलं. कोलमन म्हणजे जॅझमधला सर्वांत बंडखोर माणूस. ठरलेल्या स्वरसंगती झुगारून वाजवणारा. त्याच्या १९७२ च्या ‘सायन्स फिक्शन’मध्ये आशाने दोन गाणी म्हटली. मी ती पुन्हापुन्हा ऐकली आहेत. खाली कसलाच ठाम आधार नाही, सगळी वाद्यं आपापल्या वाटेने चाललेली, आणि वरून हा आवाज मींड घेत, स्वर न सोडता जातो. ज्याने तंबोऱ्यापुढे बसून षड्ज लावला आहे, त्याला आधार बाहेर शोधावा लागत नाही, तो आतून येतो. माझ्या मते हे त्या गाण्याचं रहस्य आहे. जाणकारांनी मला खोडून काढावं.

१९७३ साली तिचा स्वतःच्या नावाचा अल्बम सीबीएसने युरोपात काढला, आणि १९७६ साली ‘द डेव्हिल इज लूज’. त्यातलं ‘स्पेस टॉक’ न्यूयॉर्कच्या नाचघरांत वाजलं आणि १९९७ साली नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरच्या गाण्यात त्याचा तुकडा येऊन बसला. हे अल्बम कंपनीचे, म्हणून तांत्रिक अर्थाने इंडिपेंडंट नव्हेत. पण ती वेष्टनावर आहे, मधोमध, आपल्या नावानिशी. सॅक्सोफोनवाल्याला जे मुंबईत मिळालं नाही, ते तिने मुंबई सोडून मिळवलं. गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा यांचंही तेच. लंडनला गेले म्हणून १९६९ साली त्यांच्या नावाचा अल्बम निघाला.

जे इथे राहिले त्यांनीही केलं. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर राग वाजवले. १९७८ हे साल मला फार आवडतं. निरंजन झवेरींनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू केली, सॉनी रॉलिन्ससारखा माणूस इथे येऊन वाजवून गेला. त्याच साली पु. लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’ आला, बर्लिनच्या जॅझी नाटकाचा मराठी अवतार, आणि त्यात नंदू भेंडे यांच्यासारखा रॉक गाणारा मराठी माणूस होता. आणि त्याच नोव्हेंबरात, इथून जवळच, शशी आणि जेनिफर कपूर यांनी पृथ्वी थिएटर उघडलं. करवणाऱ्यांच्या वस्तीत करणाऱ्यांसाठी एक छोटी जागा निघाली. जुहूचा इतिहास लिहिणाऱ्यांनी याला एक प्रकरण द्यावं.

आता कायद्याकडे येतो, कारण स्वातंत्र्य नुसतं मनात असून भागत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन चाल बनवून घेणारा निर्माता हाच पहिला मालक ठरत असे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे पाणिनीचा प्रयोजक कर्त्याला गिळून बसला. पण त्याच निकालाला न्या. कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टीप जोडली : ज्याच्या गळ्यामुळे गाणं जिवंत होतं त्या गायकाला हा कायदा काहीच देत नाही, संसदेने याचा विचार करावा. संसदेला विचार करायला १९९४ साल उजाडलं. तेव्हा सादरकर्त्याचे हक्क आले. २०१२ साली संगीतकार-गीतकारांचा मानधनातला वाटा वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणालाही लिहून देता येणार नाही, असं ठरलं. सादरकर्त्यालाही वाटा मिळाला. चांगलंच झालं.

पण त्याच २०१२ च्या दुरुस्तीत एक छोटं परंतुक आहे, ते नीट ऐका. चित्रपटात ज्याचं सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचं आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत दिलं जात नाही, तो काही किरकोळ अपवाद वगळता ‘सादरकर्ता’ मानला जाणार नाही. म्हणजे रिवाज असा, की नाव द्यायचं नाही. आणि नाव दिलं नाही, म्हणून तो कर्ता नाही. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. तर्काच्या परीक्षेत मी यावर शून्य गुण दिले असते. प्रत्यक्षात आजच्या एखाद्या चिक चॉकलेटला न्यायालयात नेमकं या वाक्याला तोंड द्यावं लागेल.

आज काय बदललं? नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि संगणकाने साठ माणसांचं काम दोघांवर आणलं, आणि वादकांच्या त्या पिढीचा रोजगार गेला. त्याच यंत्राने मात्र अंधेरी-जुहूच्या एखाद्या बेडरूममध्ये स्टुडिओ उभा राहिला. तरुण गायिका स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतःच्या बचतीतून रेकॉर्ड करते, मालकी तिची. ती खरोखर कर्ता आहे. पण मग तिच्या अल्बमवर ड्रम वाजवणारा मुलगा? त्याला तिने एका दिवसाचे पैसे दिले. आता करवणारी तीच! बिचारीकडे पैसे नाहीत, मनात खोट नाही, तरी व्याकरण बदलत नाही. आणि तिच्याही डोक्यावर एक प्रयोजक आहे, मोबाइलवर गाणी पोचवणारी कंपनी, जी ठरवते की तिचं गाणं कोणाला ऐकू जाईल. चालू झालेली साधनं थांबवण्याची शक्ती, भर्तृहरीची ती खूण, आज त्यांच्याकडे आहे.

म्हणून नवा अल्बम हाती आला, म्हणजे फोनवर आला, की मी आधी गाणं ऐकत नाही. तपशिलाचं पान उघडतो आणि बघतो, बास कोणी वाजवला. मागच्या पाच-सात वर्षांत ही नावं जास्त दिसू लागली आहेत, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचंसुद्धा. अजून त्या पानापर्यंत जायला तीन ठिकाणी बोट लावावं लागतं, ते सोडा.

वेळ झाली आहे असं आयोजक खुणावताहेत. मागच्या रांगेत दोघं-तिघं गिटारच्या पिशव्या घेऊन बसलेले दिसतात. पहिला प्रश्न त्यांच्याकडून घेऊ.