कंदिलाच्या उजेडात ससून

टांग्यातून जरा बघून उतरा, घोड्याने आत्ताच रस्ता घाण करून ठेवलाय. स्टेशनाकडून इंजिनाचा धूर येतोय, जानेवारीची थंडी कानाला झोंबतेय आणि समोर पुण्याच्या ससून रुग्णालयाचा दगडी मनोरा उभा आहे. साल 1924. तुम्ही इथल्याच बी. जे. मेडिकल स्कूलचे विद्यार्थी. आज रात्री तुम्हाला कोणी बोलावलेलं नाही, तरी घुसा आत. आपण कुठे खरे आहोत!

आत कार्बोलिकचा वास थेट टाळूला भिडतो. खाटेवर येरवड्याच्या तुरुंगातून आणलेला कैदी आहे, अपेंडिक्सच्या दुखण्याने पार गळालेला. हो, गांधीच. कापायचं आहे आजच, पण सरकारी सर्जन कर्नल मॅडॉक कैद्याची संमती घेतायत! निवेदन नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्रींनी लिहून घेतलंय. गांधी चष्मा चढवून ते वाचतात आणि शब्द कसे असावेत, हे डॉक्टरांनाच विचारतात. भाषा तुम्हालाच चांगली कळते, असं म्हणून मॅडॉक बाजूला होतात. गांधी गुडघे वर घेतात, पेन्सिलीने सही करतात. मान लांब करून बघा, शेवटच्या ‘आय’वर टिंबच पडलेलं नाही. हात किती थरथरतोय बघा, असं ते स्वतःच डॉक्टरांना दाखवतात. त्यावर मॅडॉक म्हणतात, टनांनी ताकद भरू तुमच्यात.

चीर कुठे द्यायची ते तुम्ही पुस्तकात वाचलंय. हे मात्र त्यात नव्हतं.

आता थिएटर. भुलीच्या औषधाचा गोडसर वास, उकळलेल्या हत्यारांची वाफ, ट्रेमधली खणखण. तेवढ्यात बाहेर ढग गडगडतात आणि दिवे जातात. मिट्ट काळोख! तुमचा हात सवयीने मोबाईलकडे जातो, सापडतो नुसता रुमाल. नर्सच्या हातातल्या बॅटरीचा उजेड पडतो, हायसं वाटतं, आणि तीही विझते. पोट उघडं आहे. तुमच्या पाठीवरून घामाचा ओघळ उतरतो, एवढ्या थंडीत.

मग कंदील येतो. रॉकेलचा उग्र वास, पिवळा उजेड, भिंतीवर हलणाऱ्या मोठमोठ्या सावल्या. उरलेलं ऑपरेशन त्याच्यावर पार पडतं.

सकाळी तुमची वॉर्डात ड्युटी. खाटेवर हर्नियाचा म्हातारा, धोतर सावरत बसलेला. रोज तुम्ही पायथ्याशी उभे राहून त्याच्या डोक्यावरून सिस्टरशी बोलता. ‘‘हर्निया, उद्या घ्यायचा.’’ आज स्टूल ओढता, खाली बसता.

‘‘बाबा, उद्या ऑपरेशन करायचं म्हणतोय. करायचं ना?’’

म्हातारा आधी मागे वळून बघतो, आपल्यालाच विचारलं का ते.

‘‘दुखंल का लई?’’ तो हळूच विचारतो.