डोके कोणाचे, सातबारा कोणाचा?

हेल्मेटसक्तीचा विषय निघाला की पुण्याचेच नाव निघते. जानेवारी २०१९मध्ये तिथे कारवाई कडक झाली, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समितीने पुणेरी पगड्या घालून मोर्चा काढला आणि वर्तमानपत्रांनी त्याची भरपूर चव घेतली. माझा शोध मात्र घरातल्या पत्र्याच्या पेटीतून सुरू झाला. त्या पेटीत एका खरेदीखताची नक्कल आहे. १९९७ साली माझा चुलतभाऊ लोह्याहून माळाकोळीकडे येताना दुसऱ्याच्या मोटारसायकलवरून पडला. मार डोक्याला होता. आधी नांदेड, मग हैदराबाद. तो वाचला, पण दवाखान्याच्या बिलापायी विहिरीकाठची दीड एकर गेली. खाते सामाईक होते. खतावर देणार म्हणून चार भावांची नावे आहेत, खाली तीन सह्या आणि एक अंगठा. अंगठा त्याचाच. तो दहावी झालेला होता, पण तेव्हा त्याचा उजवा हात चालत नव्हता.

‘डोकं माझं, मी बघून घेईन’ हे म्हणणे सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेले होते, आणि तेही हैदराबादेहून, म्हणजे १९५६पर्यंत आपला मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच्या राजधानीतून. आंध्र प्रदेशच्या मोटार वाहन नियमांतल्या हेल्मेटच्या अटीला तिथल्या एका रहिवाशाने आव्हान दिले. संचाराच्या मूलभूत स्वातंत्र्यावर ही गदा आहे, असा दावा होता. १९८८ साली न्यायालयाने तो फेटाळला. नियम प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी आहे आणि त्याला निर्बंध मानले, तरी तो जनहितासाठी घातलेला वाजवी निर्बंध आहे, असा निकालाचा आशय. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२ साली हाच वाद झाला, तेव्हा तिथल्या न्यायालयाने वेगळाच मुद्दा पुढे केला होता : पडलेल्याला रस्त्यावरून उचलणार समाज, दवाखान्यात नेणार समाज, पुढे काम मिळाले नाही तर पोसणारही समाज, मग डोके एकट्याचे कसे?

आपल्या कायद्याचा पाया हा खर्चाचा मुद्दा नाही, असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा नांदेडच्या रस्त्यावर रोज दिसतो. १ जुलै १९८९पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ने पगडी बांधलेल्या शीख चालकाला हेल्मेटमधून सूट दिली. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या गावात ही सूट कोणाला खटकत नाही. मात्र लोह्याच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला विचारले होते, “मग आमच्या पटक्यानं काय घोडं मारलंय?” उत्तर एवढेच, की कायद्याने श्रद्धेला सूट दिली, सवयीला नाही. खर्च हाच निकष असता, तर श्रद्धेलाही देता आली नसती.

आता विम्याचे पाहू. ‘गाडीचा विमा आहे ना’ हे वाक्य मी अपघातानंतर इतक्यांदा ऐकले आहे की मोजदाद नाही. सक्तीचा वाहन विमा आपल्याकडे १९४६पासून आहे, पण तो तिऱ्हाइतासाठी. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई. आपले स्वतःचे डोके त्यात बसत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा वेगळा अपघात विमा असतो. दुचाकीसाठी त्याची रक्कम बराच काळ एक लाख होती, ती २०१८ साली पंधरा लाख झाली. पण तो मालकाचा, तेही परवाना असेल तर. आमच्याकडे गाडी एकाची आणि चालवणारे दहा. इलकलचा एक खटला इथे फार बोलका आहे (हो, तेच लुगड्यांचे इलकल). मागून आणलेल्या हिरो होंडावर एकजण गावाकडे निघाला होता. पुढे लोखंडी पत्र्यांनी लादलेली बैलगाडी अचानक थांबली, आणि त्यात तो गेला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी उभा असतो. म्हणून कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. दुसऱ्या कलमाचा विचार व्हावा म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेले. ते वाचताना मला भाऊ आणि ती मागून आणलेली गाडी आठवल्याशिवाय कशी राहील?

खऱ्या अर्थाने सर्वांचा गल्ला आमच्या भागात आला तो २ जुलै २०१२ला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते, लातूर नव्हते. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत, आणि विम्याचा हप्ता सरकार भरी. लातूरला ती नोव्हेंबर २०१३मध्ये पोहोचली. म्हणजे सोळा महिने, एकाच रस्त्यावर आणि एकाच खड्ड्यात पडलेल्या दोघांपैकी लोह्याच्या कार्डाला छत्र होते, अहमदपूरच्या कार्डाला नव्हते. अहमदपूरकराचा गल्ला तोच जुना : भाऊबंद, सासरवाडी, सावकार.

शेतकरी अपघात विमा योजनेला २०१५-१६पासून गोपीनाथ मुंडे यांचे नाव आहे. ३ जून २०१४ला दिल्लीत मोटारीच्या मागच्या सीटवर ते अपघातात सापडले; पट्टा लावलेला नव्हता. त्या योजनेत वाहन चालवणारा स्वतः शेतकरी असेल, तर परवान्याची प्रत मागतात. आमच्या किती गाडीस्वारांकडे परवाना आहे, हे मी इथे लिहीत नाही, गावात राहायचे आहे.

‘माझ्या कराच्या पैशावर हे पडतात’ असे शहरात म्हटले जाते, तेव्हा मला ते पटत नाही. तो हिशेब लावला तर तंबाखू खाणाऱ्यालाही दवाखान्याच्या दारातून परत पाठवावे लागेल. पुणेकरांचे एक म्हणणे मात्र मला मान्य आहे : गल्लीतला वेग आणि हमरस्त्यावरचा वेग पोलिसांनी एकाच मापाने मोजू नये. मी स्वतः बाजारात जाताना हेल्मेट हँडललाच अडकवतो. लातूर रस्त्याला लागलो की घालतो.

आज तो अपघात झाला असता, तर दवाखान्याचे बिल कदाचित योजनेने भरले असते आणि विहीर राहिली असती. घरी आणल्यानंतर जे सुरू होते, त्याला मात्र मी पाहिलेल्या कुठल्याच अर्जात रकाना नाही. वहिनी १९९७पासून भावाला रोज दोन वेळा स्वतःच्या हाताने भरवते.